आधी ओढा, मग रस्ते: नवी वसाहत आखताना पाणी स्वच्छ कसे राखावे

मोकळ्या जमिनीवर वसाहत उभी राहते तेव्हा तिथले पाणी दोनदा बिघडते. पहिल्यांदा बांधकाम चालू असताना, उघड्या पडलेल्या मातीमुळे. दुसऱ्यांदा लोक राहायला आल्यावर, छपरे, रस्ते, गाड्या आणि सांडपाणी यांमुळे, आणि ते बिघडणे कायमचे असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, पण दोन्हींना लागणारी जागा सुरुवातीच्या आराखड्यातच ठेवावी लागते. प्लॉट पाडून झाल्यावर पाण्याचा विचार सुरू केला, तर विकला न जाणारा एखादा कोपरा उरतो. तिथे तळे कोंबले जाते आणि नेमके तिथे पाणी उताराने येतच नाही. म्हणून या कामात क्रमाला फार महत्त्व आहे: आधी पाण्याच्या वाटा, मग राखून ठेवायची जमीन, मग रस्ते, आणि शेवटी घरे.

पायरी १: जमीन पावसात पाहा

अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा नकाशा करून घ्या आणि तो हातात घेऊन निदान एका जोरदार पावसात जागेवर फिरा. वर्षभर वाहणारा ओढा नकाशावर असतोच. पण फक्त पावसात वाहणारे ओहोळ, पाणी तुंबणारे खोलगट भाग, झरे, जुन्या विहिरी आणि शेजारच्या उंच जमिनीवरून येणारे पाणी हे बहुतेक वेळा नकाशावर नसते. वरून येणारे हे पाणी विसरले की पुढचे सगळे हिशेब चुकतात, कारण तुमच्या तळ्यात तुमचेच नव्हे तर शेजाऱ्याचेही पाणी येणार असते. १५ टक्क्यांहून जास्त उताराचे भाग वेगळ्या रंगात दाखवा. तिथली माती एकदा उघडी केली की धरून ठेवणे अवघड जाते.

नंतर माती तपासा. जिथे पाणी मुरवण्याचा विचार आहे तिथे, मुरवण्याच्या तळापासून निदान दीड मीटर आणखी खाली जाईल असा खड्डा घ्या. खड्ड्याच्या भिंतीत राखाडी आणि गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर पावसाळ्यात भूजल तिथपर्यंत चढते असे समजा, मग खड्डा आज कोरडा असला तरी. मुरवण्याचा तळ आणि चढलेले भूजल यांच्यात निदान १ मीटर कोरडी माती हवी. पाणी गाळण्याचे आणि जंतू मारण्याचे काम हाच थर करतो.

मुरण्याचा वेग मोजायला ३० सेंमी व्यासाचा खड्डा मुरवण्याच्या खोलीपर्यंत खणा. फावड्याने गुळगुळीत झालेल्या भिंती खरवडा, तळाशी ५ सेंमी बारीक खडी टाका आणि खड्डा पाण्याने भरून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तळापासून १५ सेंमी पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाने पातळी किती उतरली ते लिहा. प्रत्येक नोंदीनंतर पाणी पुन्हा खुणेपर्यंत भरायचे. लागोपाठ तीन नोंदी जवळपास सारख्या आल्या की थांबा. खड्ड्यातले पाणी बाजूंनीही झिरपते, त्यामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. हिशेबात निम्माच धरा. निम्मा केल्यावर वेग ताशी १३ मिमीपेक्षा कमी असेल, तर नुसत्या मुरण्यावर विसंबू नका, न मुरलेले पाणी बाहेर नेणारी निचरा नळी खाली टाकावी लागेल. ताशी २०० मिमीच्या वर असेल, तर पाणी गाळले न जाताच भूजलात उतरते. अशा ठिकाणी वर गाळणारा मातीचा थर आणून टाकावा लागतो. एका खड्ड्यावरून सगळ्या जमिनीचा निर्णय करू नका. मातीचा पोत ५० मीटरवर बदलू शकतो.

ओढ्याच्या पाण्याचे आधीचे नमुनेही याच वेळी घ्यायचे असतात. जमिनीत ओढा शिरतो तिथे एक आणि बाहेर पडतो तिथे एक, कोरड्या दिवसांत आणि पावसानंतर, दोन्ही वेळा. गढूळपणा, पीएच, विद्राव्य ऑक्सिजन, विद्युतवाहकता, नायट्रेट, फॉस्फरस आणि ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) एवढे तपासले तरी पुरते. जंतूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा, नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही. हे आधीचे आकडे नसतील, तर पुढे पाणी बिघडले की ते कोणामुळे यावर फक्त वाद होतात.

पायरी २: न बांधायची जमीन आधी ठरवा

ओढ्याच्या दोन्ही काठांना झाडे, झुडपे, गवत यांचा पट्टा राखा. निदान १५ मीटर, आणि जमेल तिथे ३० मीटर. मोजणी ओढ्याच्या मध्यापासून नव्हे, काठाच्या वरच्या कडेपासून करायची. हा पट्टा गाळ अडवतो, मुळांनी काठ धरतो आणि सावलीमुळे पाणी थंड ठेवतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. मात्र पट्टा काम करतो तो पाणी पातळ थरात पसरून आले तरच. पावसाळी गटाराची नळी पट्ट्यातून थेट ओढ्यापर्यंत नेली, तर ३० मीटर रुंदीचाही काही उपयोग नाही. नळी पट्ट्याच्या आधी संपवा आणि पाणी तंतोतंत समपातळीत बांधलेल्या दगडी उंबऱ्यावरून सांडू द्या. उंबरा एका टोकाला दोन सेंमी जरी खाली असला तरी सगळे पाणी तिथूनच धावते आणि घळ पाडते, म्हणून इथे लेव्हल मशीन लावूनच काम करा.

ओलसर, दलदलीची जागा भराव घालून 'सुधारायची' नाही. पाणी धरून ठेवून निवळणारी आयती यंत्रणा तिथे आहे. मोठी झाडे ठेवायची असतील, तर खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ कुंपणाने बंद करा. ५० सेंमी खोडाच्या झाडाला ६ मीटर. त्या वर्तुळात वाळूचा ढीग नको, गाडी नको आणि भरावही नको.

आता उरलेल्या जमिनीवर किती कठीण पृष्ठभाग येणार ते मोजा. ओढ्याच्या पाणलोटातला साधारण १० टक्के भाग छपरे आणि रस्त्यांनी झाकला गेला की नाजूक जलचर कमी होऊ लागतात. २५ टक्क्यांपुढे काठ खचणे आणि तळ गाळाने भरणे सहसा टळत नाही. म्हणून कठीण पृष्ठभाग कमी करणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय, आणि त्याला देखभालही लागत नाही. १ किलोमीटर रस्ता ९ ऐवजी ७ मीटर रुंद केला, तर २,००० चौरस मीटर डांबर वाचते. २५ मिमी पावसात तेवढ्या डांबरावरून ५०,००० लिटरच्या आसपास पाणी वाहून गेले असते. घरे थोडी जवळ आणून मोकळी जागा एकत्र ठेवणे, दोन घरांना एकच प्रवेशमार्ग देणे, रस्त्याच्या टोकाला वळण्यासाठी ठेवलेल्या डांबरी वर्तुळाच्या मधोमध खोलगट हिरवळ करणे, या सगळ्यांनी हाच आकडा खाली येतो.

पायरी ३: किती पाणी हाताळायचे याचा हिशेब

रस्त्यावरचे तेल, टायरच्या झिजेतून येणारे जस्त, ब्रेकच्या धुळीतले तांबे, कुत्र्यांची विष्ठा, बागांतले खत यांचा मोठा वाटा पावसाच्या सुरुवातीच्या पाण्याबरोबर वाहून येतो. म्हणून शुद्धीकरणासाठी मोठ्या वादळाचे नव्हे, तर नेहमी पडणाऱ्या सरींचे पाणी धरतात. अनेक ठिकाणी त्यासाठी २५ मिमी पाऊस धरला जातो. तुमच्याकडच्या नियमात वेगळा आकडा असेल तर तो घ्या.

आधी वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक काढा: कठीण पृष्ठभागाची टक्केवारी गुणिले ०.००९, अधिक ०.०५. समजा १ हेक्टर जमिनीपैकी ४० टक्के झाकली जाणार. गुणांक ०.४१ येतो. १ हेक्टरवर २५ मिमी पाऊस म्हणजे २५० घनमीटर. त्याला ०.४१ ने गुणले की १०२.५ घनमीटर. एवढे पाणी अडवून, गाळून मग सोडायचे आहे. ही जागा आराखड्यात दिसली पाहिजे, तीही जमिनीच्या सखल बाजूला.

मोठ्या पावसाचा हिशेब वेगळा करावा लागतो. त्यात बांधकामानंतरचा कमाल प्रवाह आधीच्या कमाल प्रवाहाइतकाच राहील, असे पाहायचे. ओढ्यात एकदम जास्त पाणी सोडले तर तो स्वतःचेच काठ खातो आणि पाणी स्वच्छ असले तरी खाली गढूळ होऊन जाते.

पायरी ४: पाझर वाफे, चर आणि तळी

घरांच्या आणि वाहनतळांच्या जवळ पावसाचे पाणी गाळून मुरवणारे खोलगट पाझर वाफे करणे बहुतेक वसाहतींना परवडते आणि शोभतेही. एक उदाहरण पाहू. २०० चौरस मीटर छप्पर आणि फरशी मिळून २५ मिमी पावसात सुमारे ४.७५ घनमीटर पाणी देते (पूर्ण कठीण पृष्ठभागाचा गुणांक ०.९५). वाफ्यात २० सेंमी पाणी वर उभे राहू शकते. खाली ६० सेंमी मातीचे मिश्रण असेल, तर त्याच्या पोकळ्यांत साधारण १५ सेंमी पाणी मावते. एकूण ३५ सेंमी. ४.७५ भागिले ०.३५ म्हणजे जवळपास १४ चौरस मीटर वाफा. झाकलेल्या पृष्ठभागाच्या ७ टक्के, हे प्रमाण लक्षात ठेवले की लेआउट चाळतानाच जागा कमी पडतेय का ते कळते.

मिश्रणात आकारमानाने ७० टक्के धुतलेली वाळू, २० टक्के पोयटा आणि १० टक्के पूर्ण कुजलेले कंपोस्ट घ्या. झाडे चांगली वाढावीत म्हणून कंपोस्ट वाढवण्याचा मोह होतो, पण मग त्याच कंपोस्टमधून फॉस्फरस सुटून पाण्यात जातो, आणि ज्यासाठी वाफा केला तेच फसते. चिकणमाती ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. निचरा नळी लागणार असेल तर १०० ते १५० मिमीची छिद्रांची नळी २० ते ४० मिमीच्या धुतलेल्या खडीत ठेवा. खडी आणि माती यांच्यामध्ये आडवे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे कृत्रिम कापड) घालू नका, ते बारीक कणांनी बुजते आणि वाफ्याचे डबके होते. त्याऐवजी ५ ते १० मिमीच्या बारीक खडीचा १० सेंमी थर द्या. जादा पाण्यासाठी उभी सांडनळी २० सेंमीच्या खुणेवर बसवा. वाफा २४ तासांत, फार तर ४८ तासांत रिकामा व्हावा. तीन दिवस पाणी उभे राहिले की डासांची पैदास सुरू होते. इमारतीच्या पायापासून निदान ५ मीटर आणि पिण्याच्या विहिरीपासून ३० मीटर अंतर ठेवा.

रस्त्याच्या कडेला बंद गटाराऐवजी गवताचे उथळ चर चालतात. त्यांचा लांबीचा उतार १ ते ४ टक्के आणि बाजूचा उतार तीनास एक (आडवे तीन, उभे एक) किंवा त्याहून सौम्य ठेवा. गवत १० सेंमीच्या आसपास वाढू द्या. फार खुरटे कापले तर पाणी अडत नाही.

खाली एकत्रित तळे करायचे असेल तर त्याची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवा. पाणी शिरण्याची आणि सुटण्याची तोंडे जवळजवळ असतील, तर पाणी तळ्याला वळसा न घालता आले तसे निघून जाते. तोंडाशी एकूण साठ्याच्या १० टक्के आकाराची गाळकुंडी करा आणि तिथवर यंत्र पोहोचेल असा रस्ता ठेवा. रस्ता नसेल तर गाळ कोणीही काढत नाही.

पेट्रोल पंप, गॅरेज, कचरा गोळा करण्याची जागा, गाड्या धुण्याची जागा इथले पाणी कधीही जमिनीत मुरवू नका. तिथे छत घाला, भोवती उंबरा घाला आणि आतले धुणपाणी मलवाहिनीला जोडा.

पायरी ५: सांडपाणी

शक्य असेल तर मलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र. मलवाहिनीचा उतार असा ठेवा की पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जाणार नाही, नाहीतर मैला तळाशी बसतो. पिण्याच्या पाण्याची नळी मलवाहिनीपासून आडवी ३ मीटर लांब ठेवा आणि दोन्ही एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याची नळी निदान ४५ सेंमी वरून न्या. घरे ताब्यात देण्याआधी प्रत्येक संडासात रंगीत पाणी सोडून ते मलवाहिनीच्या चेंबरमध्येच येते ना, हे पाहा. पावसाळी गटाराला चुकून जोडलेला एक संडास वर्षानुवर्षे ओढ्यात मैला सोडत राहतो, आणि घरे भरल्यावर तो शोधणे फार जिकिरीचे होते.

प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषचर (टँकमधले पाणी मुरवणारा चर) द्यायचे असतील, तर प्लॉटचा आकार नायट्रेटवरून ठरवा. टँकमुळे घन मैला अडतो, नायट्रोजन अडत नाही, आणि तोच मातीत नायट्रेट होऊन खाली जातो. एका माणसाच्या सांडपाण्यात वर्षाला साधारण ४.५ किलो नायट्रोजन असतो, म्हणजे चौघांच्या घरात १८ किलो. त्यातला निम्मा मातीत नाहीसा होतो असे उदारपणे धरले तरी ९ किलो भूजलाकडे जातो. प्लॉट १,००० चौरस मीटर आणि वर्षाला २०० मिमी पाऊस मुरतो असे धरू. मुरलेले २०० घनमीटर आणि घराचे स्वतःचे सांडपाणी सुमारे १७५ घनमीटर, मिळून ३७५. नायट्रोजनचे प्रमाण लिटरला २४ मिलिग्रॅम येते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबात ११ च्या जरासे वर. आपण दुपटीहून वर गेलो. मर्यादेत राहायला याच हिशेबाने प्लॉट ३,२०० चौरस मीटरच्या आसपास लागेल. छोट्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता जास्त नायट्रेटमुळे घटते, आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. म्हणून लहान प्लॉट, घरोघरी सेप्टिक टँक आणि त्याच जागेत पिण्याची बोअर असा आराखडा समोर आला तर तो मान्य करू नका.

पायरी ६: बांधकामाच्या काळातला गाळ

गाळतळ्यावर लोक फार भरवसा ठेवतात. तो किती ठेवावा हे कणांच्या आकारावरून कळते. स्थिर पाण्यात ०.१ मिमीचा वाळूचा कण १ मीटर खाली जायला दोन मिनिटे घेतो. ०.०१ मिमीचा कण तीन तास घेतो. ०.००१ मिमीचा चिकणमातीचा कण मात्र जवळपास तेरा दिवस घेतो, तेही पाणी अजिबात हलले नाही तर. म्हणजे वाळू तळ्यात अडते, चिकणमाती अडत नाही, आणि फॉस्फरस व धातू चिकटून येतात ते मुख्यतः चिकणमातीलाच. ओढ्याला लाल किंवा काळा करणारी माती थांबवायची असेल, तर ती जागची हलू न देणे हाच उपाय आहे.

त्यासाठी सगळी जमीन एकदम उघडी करू नका. जेवढ्यावर लगेच काम होणार तेवढीच सोला आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा. ज्या भागावर १४ दिवस काम होणार नाही, तिथे लगेच गवताचे बी पेरा आणि पेंढा पसरा, चौरस मीटरला साधारण ४५० ग्रॅम. वरची सुपीक माती वेगळी काढून २ मीटरहून कमी उंचीच्या ढिगात, झाकून ठेवा. वरच्या बाजूने येणारे स्वच्छ पाणी समपातळी चराने कामाच्या जागेबाहेरून वळवा, म्हणजे ते गढूळ होणारच नाही.

गाळतळे सर्वांत आधी खणायचे. ज्या जमिनीचे पाणी त्यात येते तिच्या प्रत्येक हेक्टरमागे २५० घनमीटर जागा द्या आणि लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी ठेवू नका. पाणी तळातून न काढता पृष्ठभागावरून काढा. सांडव्याला दगडी पिचिंग करा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटून साठवलेला सगळा गाळ एकदम सुटतो.

गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणाचे काम बहुतेक जागी चुकीचे झालेले दिसते. कापड जमिनीवर नुसते टेकवले तर पाणी खालून जाते. १५ सेंमी खोल चर खणून कापडाची कड त्यात पुरा आणि माती दाबा. खुंट्या उताराच्या खालच्या बाजूला, २ मीटरच्या आत. कुंपण समोच्च रेषेवर लावा आणि टोके चढाकडे वळवा. ३० मीटर कुंपणामागे ०.१ हेक्टरपेक्षा जास्त जमिनीचे पाणी येऊ देऊ नका. गाळ उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत चढला की काढा. वाहत्या ओढ्यात आडवे कुंपण कधीच लावायचे नाही, ते टिकत नाही.

जागेतून रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांसाठी जिओटेक्स्टाइलवर ५० ते ७५ मिमी दगडांचा १५ सेंमी जाड, १५ मीटर लांब पट्टा टाका. चाकांचा चिखल तिथे झडतो. दगड चिखलाने भरले की वर नवा थर द्या.

काँक्रीटची गाडी आणि अवजारे धुतलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, माशांना मारायला तो पुरेसा आहे. त्यासाठी जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा गटारापासून १५ मीटर दूर करा आणि तीन चतुर्थांश भरला की रिकामा करा. डिझेलची टाकी तिच्या ११० टक्के मावेल अशा हौदात ठेवा. पिण्याच्या नव्या नळ्या निर्जंतुक करताना वापरलेले तीव्र क्लोरीनचे पाणीही ओढ्यात सोडायचे नाही. ते मलवाहिनीत परवानगीने सोडा किंवा सोडियम थायोसल्फेट मिसळून क्लोरीन मोडल्यावरच बाहेर काढा.

सर्वांत महागडी चूक क्रमाची असते. पाझर वाफ्यांची जागा पहिल्या दिवसापासून कुंपण घालून बंद ठेवा. तिथून अवजड यंत्रे गेली की माती दबते आणि मुरण्याचा वेग कोसळतो. वाफे आणि पाणी झिरपू देणारी फरसबंदी यांचे काम शेवटी करा, वरच्या सगळ्या जमिनीवर गवत धरल्यावरच. घाई करून आधी केले तर एका पावसाचा चिखल सगळे बुजवतो आणि मिश्रण उपसून नव्याने भरावे लागते. बागेसाठी ठेवलेली जमीन दबलीच असेल, तर ३० ते ४५ सेंमी खोल नांगरून ५ ते १० सेंमी कंपोस्ट मिसळा.

पायरी ७: नंतर कोण सांभाळणार

प्रत्येक वाफा, चर आणि तळे कोणाच्या मालकीचे, खर्च कुठून येणार आणि तिथे जायचा हक्क कोणाला, हे विक्रीच्या कागदांत लिहा. खासगी प्लॉटच्या मागच्या अंगणात वाफा ठेवला आणि तशी नोंद केली नाही, तर पुढचा मालक तो बुजवून फरशी घालतो. सामायिक जमिनीवरचे वाफे जास्त टिकतात.

पहिल्या वर्षी प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी फेरी मारा. वाफ्यात पाणी उभे असेल तर वरचा ५ सेंमी थर खरवडून पाहा, बहुधा बुजलेला तेवढाच असतो. सांडनळीच्या तोंडची पाने काढा, उंबऱ्याखाली घळ पडली असेल तर लगेच दगड भरा. गाळकुंडी निम्मी भरली की उपसा. झिरपती फरसबंदी वर्षातून दोनदा शोषण यंत्राने साफ करा, झाडूने धूळ सांध्यांत आणखी खोल जाते. ओढ्याचे नमुने त्याच दोन जागी, त्याच पद्धतीने, पुढची निदान दोन वर्षे घेत राहा आणि बांधकामाआधीच्या आकड्यांशेजारी लिहा. खालच्या जागी ई. कोलाय वाढलेले दिसले आणि वरच्या जागी नाही, तर त्या आठवड्यातच चेंबर उघडून चुकीची जोडणी शोधायला सुरुवात करा.